पट्टी बदलली, पण तबला कुठे गेला?

शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा समूहगान स्पर्धेची तयारी चालू असते. गाणे बसवणाऱ्या शिक्षकांना तबलजी मिळत नाही. पूर्वी अशा वेळी टाळ्या वाजवून किंवा बाकावर ठेका धरून भागवत असत. आता संगणकावर तीनतालाचे किंवा केरव्याचे एक आवर्तन मिळते. ते पुन्हा पुन्हा वाजत ठेवले की झाला ठेका. अशा पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याला 'लूप' म्हणतात. अडचण एवढीच, की लूपमधला तबला काळी एकमध्ये लावलेला असतो आणि मुलींना गाणे सोयीचे जाते ते काळी तीनमध्ये. मग कोणीतरी सांगते, "त्यात काय एवढे! सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदला. लय बदलत नाही, आवाजाचा दर्जाही बिघडत नाही."

या विधानाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग तपासून पाहण्याजोगा आहे, आणि तेच या लेखाचे काम आहे. 'दर्जा राखून पट्टी बदलणे' या दाव्यात नेमके काय राखले जाते, काय सोडून दिले जाते, आणि ते ठरवतो कोण, हे एकदा नीट पाहायला हवे. प्रश्न केवळ यंत्राचा नाही. ज्या मुलांच्या कानांवर तबल्याचा आवाज प्रथम पडतो तो अशा लूपमधूनच, त्यांच्या कानांचाही तो प्रश्न आहे.

सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक युक्ती

ध्वनिमुद्रण जलद वाजवले की स्वर चढतो आणि सावकाश वाजवले की उतरतो. ज्यांनी ग्रामोफोनची तबकडी बोटाने अडवून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सप्तकात बारा स्वर असतात आणि तेरावा स्वर पहिल्याच्या दुप्पट वारंवारतेचा असतो. म्हणजे एका स्वरावरून लगतच्या स्वरावर जाताना वारंवारतेला दोनाच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने गुणावे लागते. काळी एकपासून काळी तीन पाच स्वर वर आहे. १.०५९५ चा पाचवा घात १.३३५ येतो. तेव्हा आपला लूप १.३३५ पट वेगाने वाजवला की तबला काळी तीनमध्ये बोलेल.

पण मिनिटाला ८० मात्रांच्या लयीतले सोळा मात्रांचे आवर्तन मुळात १२ सेकंदांचे होते, ते आता ९ सेकंदांत संपेल. लय मिनिटाला सुमारे १०७ मात्रांवर जाईल. मुलांची धांदल उडेल.

या युक्तीचा दोषही तिच्या गुणाइतकाच उघड आहे. ती काहीही लपवत नाही. ध्वनीच्या आलेखाची कालाच्या दिशेने फक्त लांबी बदलते, आकार तोच राहतो. एक बोल दोनदा वाजत नाही की एखादा बोल गळत नाही. अमेरिकेत १९५८ मध्ये रॉस बॅगडासेरियन या गीतकाराने 'चिपमंक' नावाच्या खारींचे चिमुकले आवाज याच रीतीने काढले. फीत अर्ध्या वेगाने फिरत असताना सावकाश गायचे आणि नंतर ती पूर्ण वेगाने वाजवायची. स्वर एक सप्तक चढला, आणि लय मात्र जागच्या जागी राहिली, कारण गाणाऱ्याने ती आधीच अर्धी केली होती. लय राखण्याचे काम तेथे यंत्राने नव्हे, माणसाने केले होते.

काल आणि स्वर यांची फारकत

हे काम यंत्राकडून करून घेण्याची कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. होलोग्राफीसाठी पुढे १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले डेनिस गाबोर यांनी १९४६-४७ च्या सुमारास असा विचार मांडला, की ध्वनी अखंड प्रवाह न मानता तो अगदी छोट्या तुकड्यांचा बनलेला आहे असे मानावे. चित्रपटाच्या फितीवरील ध्वनिपट्टी वापरून त्यांनी तसे यंत्र करूनही पाहिले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये फिरत्या शीर्षांचे ध्वनिमुद्रण यंत्र वर्णिले. त्याचा उपयोग बोलण्याचा कालावधी कमी-जास्त करण्यासाठी होता.

कल्पना सोपी आहे. समजा, आपल्याला लूप १.३३५ पट लांबवायचा आहे. त्याचे काही शतांश सेकंदांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचा थोडा भाग पुन्हा वापरून ते पुढे मांडत जा. सांधा जेथे येतो तेथे दोन तुकडे एकमेकांत मिसळून द्या. आता लूप १२ ऐवजी १६ सेकंदांचा झाला, पण स्वर तोच राहिला. हा लांबवलेला लूप १.३३५ पट वेगाने वाजवला की तो पुन्हा १२ सेकंदांचा होतो आणि स्वर मात्र काळी तीनवर जातो. पट्टी बदलणे म्हणजे मुळात 'लांबवणे आणि मग पळवणे' आहे. म्हणून लांबवताना जो दोष शिरला, तो पट्टी बदलल्यावरही उरतोच.

दोष कोठे शिरतो ते आता दिसेल. तंबोऱ्यासारखा सलग स्वर असेल तर तुकड्याची पुनरावृत्ती लपते, कारण शेजारचे तुकडे जवळजवळ एकसारखेच असतात. सांधा नेमका कोठे घ्यावा हे सॉफ्टवेअर दोन तुकड्यांची तुलना करून ठरवते. पण तबल्याच्या 'ना'ची सुरुवात ही जेमतेम काही सहस्रांश सेकंदांची गोष्ट आहे. ती पुनरावृत्तीच्या भागात सापडली तर 'ना'चा 'न्ना' होतो, म्हणजे एका बोलाला दोन टोके येतात. स्वर उतरवायचा असेल तर उलटी क्रिया करावी लागते. आधी लूप आखूड करायचा म्हणून मधले तुकडे गाळले जातात, आणि एखाद्या बोलाचे टोकच गळून तो बोथट होतो. अनेकांना ऐकताना 'काहीतरी चिकट वाजते आहे' असे वाटते ते यामुळे.

दुसरी वाट आणि तिचा पेच

दुसरी पद्धत वेगळ्या विचाराची आहे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील जेम्स फ्लॅनगन आणि रॉजर गोल्डन यांनी 'फेज व्होकोडर' नावाची रीत मांडली. त्यांचा हेतू बोलणे कमी जागेत पाठवण्याचा होता, पण तीच रीत पुढे संगीताच्या कामी आली. ध्वनीच्या छोट्या 'खिडकी'त कोणत्या वारंवारता किती जोराने आहेत हे मोजायचे, खिडकी पुढे सरकवायची, पुन्हा मोजायचे. अशी मोजमापांची मालिका हाती आली की तिच्यावरून ध्वनी पुन्हा उभा करताना काल लांबवता येतो किंवा स्वर बदलता येतो.

येथे निसर्गाचाच एक नियम आडवा येतो. दोन जवळचे स्वर वेगळे ओळखायचे असतील तर पुरेसा वेळ ऐकावे लागते. खालच्या सप्तकातली काळी एक सुमारे १३८.६ हर्ट्झची आणि लगतची पांढरी दोन सुमारे १४६.८ हर्ट्झची असते. दोहोंत ८.२ हर्ट्झचे अंतर आहे. ते वेगळे दिसायला खिडकी साधारण १ भागिले ८.२, म्हणजे ०.१२ सेकंदांची तरी हवी. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. अशा कामात नमुन्यांची संख्या सोयीसाठी दोनाच्या घातात घेतात. २,०४८ नमुन्यांची खिडकी ४६ सहस्रांश सेकंदांची होते आणि तिची नजर २१.५ हर्ट्झहून बारीक नसते. ८,१९२ नमुन्यांची घेतली तर नजर बारीक होते, पण खिडकी १८६ सहस्रांश सेकंदांची होते. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेला दोन बोल असतील, तर दोन बोलांमधले अंतर १२५ सहस्रांश सेकंद असते. म्हणजे एका खिडकीत दोन बोल कोंबले जातात, आणि त्यांची टोके पुसट होऊन खिडकीभर पसरतात.

स्वर नीट पाहावा तर काळ धूसर होतो, आणि काळ नीट पाहावा तर स्वर धूसर होतो. हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा दोष नाही. संगणक कितीही जलद झाला तरी हा पेच सुटणारा नाही.

याच पद्धतीचा दुसरा दोष तरंगांच्या कलेशी संबंधित आहे. तबल्याच्या आघाताच्या क्षणी अनेक तरंग एकाच वेळी, एकमेकांशी ठरावीक कला-संबंध ठेवून उठतात, म्हणूनच आघात टोकदार ऐकू येतो. प्रत्येक वारंवारतेची कला स्वतंत्रपणे पुढे नेली की हा मेळ विस्कटतो आणि आवाज पाण्याखालून किंवा मोठ्या रिकाम्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. १९९९ मध्ये जाँ लारोश आणि मार्क डॉल्सन यांनी शेजारच्या वारंवारतांच्या कला एकमेकींना बांधून ठेवण्याचे उपाय सुचवले, त्यामुळे पुष्कळ सुधारणा झाली. पुढच्या सॉफ्टवेअरांनी आघात आधी ओळखून तेवढा भाग न ताणता तसाच ठेवण्याची युक्तीही वापरली. दोष त्यामुळे कमी झाले, नाहीसे झाले नाहीत.

गळ्याची लांबी बदलते तेव्हा

लूप आवाजाचा असेल तर आणखी एक गोष्ट बिघडते. माणसाचा स्वर स्वरतंतूंवर ठरतो, पण 'आ', 'ई', 'ऊ' ही अक्षरे आणि आवाजाची ओळख ही घसा व तोंड मिळून होणाऱ्या नळीच्या अनुनादांवर ठरते. प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद नळी मानून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर अनुनाद ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला येतात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे.

माणूस वरच्या पट्टीत गातो तेव्हा स्वरतंतू ताणले जातात, घशाची नळी काही त्या प्रमाणात आखडत नाही. सॉफ्टवेअर मात्र सरसकट सगळ्या वारंवारतांना १.३३५ ने गुणते. अनुनाद ६६७, २००० आणि ३३३७ हर्ट्झवर जातात. हे अनुनाद १२.७ सेंटिमीटर नळीचे आहेत. गायक तोच, पण गळा लहान मुलाचा! चिपमंकच्या आवाजाचे गुपित हेच होते. म्हणून आवाजाची पट्टी बदलताना अनुनाद जागेवर ठेवून फक्त स्वर हलवणारी पद्धत लागते. ती काही सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र पर्याय म्हणून मिळते. हा पर्याय न शोधता समूहगानाचा साथीचा आवाज चढवला, तर मुलांना ऐकायला मिळतो तो कोणत्याच माणसाच्या गळ्यातून न निघणारा आवाज.

तबल्याला साक्षीला बोलावू

आता मूळ प्रश्नाकडे, तबल्याकडे येऊ. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा आडमुठ्या पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला निश्चित सूर नसतो. तबल्याला तो असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपल्या सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर लेखात दाखवून दिले, की पुडीवरच्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर जवळजवळ पूर्ण पटींत बसतात. पुडीच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार मिळून पाचच सुरेल स्वर देतात. आपल्याकडच्या कारागिरांनी भौतिकीचे पुस्तक न उघडता साधलेली ही गोष्ट आहे.

वर सांगितलेल्या सर्व पद्धती वारंवारतांना गुणतात, त्यांत बेरीज करत नाहीत. म्हणून पटींचे नाते टिकते आणि तबला बेसूर होत नाही. बहुतेक परीक्षणे येथेच थांबतात: सूर टिकला, म्हणजे दर्जा टिकला. पण तबलजी पट्टी कशी बदलतो ते पाहा. गठ्ठ्यांवर आणि गजऱ्यावर हातोडी मारून तो पुडीचा ताण वाढवतो. कातड्याची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा १.३३५ पट स्वर चढवायला ताण १.७८ पट करावा लागेल. कोणताही शहाणा तबलजी हे करणार नाही, पुडी फाटण्याची भीती असते. तो दुसरा, लहान तोंडाचा, टिपेचा तबला काढील. म्हणजे प्रत्यक्षातही एवढी पट्टी बदलली की वाद्यच बदलते. लाकडाचा आवाज, बोटाचा चाटेवरचा टणत्कार, खोलीतला घुमारा हे मात्र पुडीच्या स्वराबरोबर १.३३५ पटीने चढत नाहीत. सॉफ्टवेअर त्यांनाही चढवते, खोलीसुद्धा लहान करून टाकते.

डग्ग्याचे हाल याहून जास्त. तो षड्जात घट्ट लावलेला नसतो, त्याचे काम भारदस्त घुमाऱ्याचे आणि मनगटाच्या दाबाने निघणाऱ्या घसीटीचे. मिश्र लूपची पट्टी पाच स्वर चढवली की डग्गाही पाच स्वर चढतो आणि पोकळ, टिनपाटासारखा लागतो. ज्या तबलजीने गायिकेसाठी तबला बदलला असता, त्याने डग्गा बहुधा तोच ठेवला असता. म्हणून तबला आणि डग्गा यांची मुद्रणे वेगवेगळी मिळत असतील तर फक्त तबल्याची पट्टी बदलावी, डग्गा आहे तसा राहू द्यावा. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो महागडे सॉफ्टवेअर घेऊनही पडत नाही.

एक कळ, अनेक प्रश्न

आता सॉफ्टवेअरचे परीक्षण करू. शाळांना परवडणारे, किंबहुना फुकट मिळणारे आणि म्हणून सर्वाधिक उपयोगाचे सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्याची सुरुवात केली आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांत वेग बदलणे, लय बदलणे आणि पट्टी बदलणे असे तीन वेगळे पर्याय आहेत. ही विभागणी शिकवण्याच्या दृष्टीने फार चांगली आहे, विद्यार्थ्याला तिन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचे कळते. २०२४ च्या ३.५ आवृत्तीत मूळ मुद्रण न बदलता तुकड्याची पट्टी बदलण्याची सोयही आली. मूळ शाबूत राहते, ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण एकदा बदललेल्या लूपची पट्टी पुन्हा बदलली की दोषावर दोष चढतात. नेहमी मुळापासून सुरुवात करावी.

आमची तक्रार वेगळी आहे. पट्टी बदलण्याच्या खिडकीत 'उच्च दर्जाचे ताणणे, सावकाश' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यात खूण केली की वेगळी पद्धत वापरली जाते. ती पद्धत ध्वनीला अनेक साध्या तरंगांची बेरीज मानते. सलग स्वराला हे गृहीतक शोभते. पण आघाताचे काय? 'उच्च दर्जा' हे शब्द वाचून शिक्षक समजतात, की जास्त वेळ लागतो म्हणजे आवाज नक्कीच चांगला होणार. जो पर्याय तंबोऱ्याला उजवा, तोच तबल्याला डावा ठरू शकतो. खिडकी विचारते: किती स्वर? किती टक्के? ती हे विचारत नाही: काय वाजते आहे?

या बाबतीत एबलटन लाइव्ह हे २००१ मध्ये बाजारात आलेले व्यावसायिक सॉफ्टवेअर अधिक सरळ वागते. त्यात 'बीट्स', 'टोन्स', 'टेक्स्चर', 'री-पिच' अशा वेगवेगळ्या पद्धती नावानिशी दिल्या आहेत आणि निवड वापरणाऱ्याला करावी लागते. 'री-पिच' म्हणजे तर आपली जुनी ग्रामोफोनची युक्तीच. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, स्वीडनच्या प्रॉपेलरहेड या संस्थेचे 'रीसायकल' आले. त्याने लूप ताणण्याऐवजी तो बोलांच्या टोकांवर कापला. प्रत्येक बोल स्वतंत्र झाला. त्या बोलाचा वेग वाढवून स्वर चढवा आणि तो त्याच्या मूळ मात्रेवर नेऊन ठेवा. टोक दुभंगत नाही, पुसटही होत नाही. आमच्या उदाहरणात ७५० सहस्रांश सेकंदांचा बोल ५६२ चा होतो, मागे १८८ सहस्रांश सेकंदांची रिकामी जागा उरते. 'ना' तोवर बराच विरलेला असतो, म्हणून शेवट हळूच मावळता केला की फट जाणवत नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मात्र ती जाणवते.

तंबोऱ्याचा विचार तर आणखी सोपा आहे, आणि तेथेच या साधनांची मोठी चूक दिसते. तंबोऱ्याला ताल नाही. छेडण्याचा वेग थोडा वाढला तर बिघडत काहीच नाही. मग 'लय राखून पट्टी बदला' हा पर्याय तेथे वापरायचाच कशाला? जवारीमुळे तंबोऱ्याचे उपस्वर सावकाश उमलतात आणि विरतात. तुकडे सांधणाऱ्या पद्धतीत ही चाल खडबडीत होते. साधा वेग बदलला तर ती जशीच्या तशी, फक्त थोडी जलद होते. स्त्रियांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्याहून आकाराने लहान असतो, तेव्हा दोन-तीन स्वर वेग वाढवून चढवलेला तंबोरा लहान भोपळ्याच्या तंबोऱ्यासारखा वाटतो, अनैसर्गिक वाटत नाही. जी पद्धत जुनी म्हणून आपण टाकून दिली, तीच येथे सर्वांत चांगली आहे.

एक बारीक पण व्यवहाराची गोष्ट. ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही नसते. पट्टी पाच स्वर उतरवली तर ही मर्यादा सुमारे १६,५०० हर्ट्झवर येते, आणि आणखी उतरवली तर आवाज मलूल होतो. शक्य असेल तेथे खालच्या पट्टीतले मुद्रण थोडे चढवावे किंवा वरच्या पट्टीतले थोडे उतरवावे, यांपैकी जे अंतर कमी असेल ते निवडावे. आवाजाचा आकार लहान केलेली एमपी३ धारिका अशा कामाला घेऊ नये. माणसाच्या कानाला मूळ पट्टीत जे ऐकू येणार नाही असे समजून त्यातले बरेच काही आधीच काढून टाकलेले असते, आणि पट्टी बदलली की ती समजूत लागू राहत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सर्व आमच्या शब्दावर मानण्याचे कारण नाही. एका टाळीचे मुद्रण करा. पट्टी बदलण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींनी ती पाच स्वर चढवा आणि पाच स्वर उतरवा. पडद्यावर आलेख मोठा करून पाहा: टाळीला एक टोक आहे की दोन? टोक उभे आहे की उतरते? नंतर एखाद्या विद्यार्थ्याच्या 'आ' आणि 'ई'वर तोच प्रयोग करा. शेवटी तंबोऱ्याच्या मुद्रणावर करा. तीन ध्वनींना तीन वेगळ्या पद्धती चांगल्या लागतात का ते नोंदवा.

परीक्षा मात्र नाव न सांगता घ्यावी. शिक्षकांनी नाणे उडवून 'अ' किंवा 'ब' पद्धतीचे मुद्रण दहा वेळा वाजवावे आणि विद्यार्थ्याने दरवेळी कोणते ते लिहावे. केवळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात सुमारे एक आहे. नऊ बरोबर आले तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. पाच-सहाच आले तर आपली तक्रार कानाची नसून मनाची आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. या प्रयोगात संभाव्यतेचा धडाही होऊन जातो.

निष्कर्ष

पट्टी बदलणारे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या गावात तबलजी नाही तेथे ते उपकारकच आहे, आणि एक-दोन स्वरांचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही. आमचा आक्षेप आहे तो 'दर्जा' या एकाच शब्दावर. दर्जा ही एक राशी नाही. तबल्यात दर्जा म्हणजे बोलाचे टोक, तंबोऱ्यात जवारीची चाल, गाण्यात गळ्याची ओळख. तिन्ही एकाच पद्धतीने राखणारे साधन नाही, आणि खिडकीच्या त्या पेचामुळे सर्व ध्वनींसाठी निर्दोष असे एखादे साधन मिळण्याची आशाही धरू नये. काय राखायचे याची निवड कोणीतरी करतेच. एक कळ दाबली की ती आपल्या नकळत होते एवढेच.

म्हणून शिक्षकांनी सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: या लूपमध्ये काय आहे, आणि त्यातले काय गमावलेले आपल्याला चालेल? आणि वर्षातून एकदा तरी गावातल्या, नाहीतर शेजारच्या गावातल्या एखाद्या तबलजीला शाळेत बोलवावे. खरा 'ना' कसा असतो हे एकदा जवळून ऐकलेल्या मुलाला 'न्ना' ओळखायला वेळ लागत नाही. ज्याने तो ऐकलेलाच नाही, त्याला मात्र लूपमधला तबलाच खरा वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नसेल.